रान बघून जमीन ओळखायची ती कशी? कोल्हापूर भागातल्या जुन्या खुणा आणि माती परीक्षणाचा कागद

प्रश्न असा आहे: हातकणंगले-शिरोळ पट्ट्यात उसासाठी खंडानं जमीन घ्यायची आहे. गावातली जाणती माणसं रानात फिरून, ढेकूळ फोडून "हे चोपण आहे", "हे मळीचं रान, डोळे झाकून घ्या" असं सांगतात. माती परीक्षणाचा कागद मात्र दोन्ही रानांना जवळपास सारखेच आकडे देतो. मग कुणाचं धरायचं? आणि टनेज किती पडेल याचा अंदाज आधी बांधता येतो का?

दोन्हींचं धरा, पण वेगवेगळ्या कामासाठी. जाणत्यांच्या खुणा जवळजवळ सगळ्या पाण्याच्या आणि हवेच्या असतात. पाणी किती खोल जातं, किती दिवस थांबतं, वाफसा (मशागतीजोगी ओल) कधी येतो, मुळं कुठं अडतात हे त्या सांगतात. स्फुरद किती, पालाश किती, जस्त आहे की नाही, हे त्या खुणांत नाही आणि असल्याचा दावाही कुणी करू नये. कागदाचं बरोबर उलटं असतं. वरच्या फूटभर मातीतली अन्नद्रव्यं तो मोजून देतो, पण तीन फुटांवर मुरूम लागतो की पाणी, हे त्याला माहीत नसतं. उसाचं टनेज या भागात बहुतेक वेळा खतापेक्षा निचऱ्यावर अडतं, म्हणून खंडाचा व्यवहार करताना आधी रान बघा, कागद नंतर.

गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस शिरोळला पोचेपर्यंत जेमतेम ५००-६०० मिलिमीटर उरतो. माती त्याच क्रमानं बदलते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडं जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती. करवीर, कागल, पन्हाळ्याच्या पूर्वेला मध्यम काळी आणि तपकिरी. पंचगंगा, वारणा, कृष्णा, दूधगंगेच्या काठानं गाळाची मळी. आणि हातकणंगले-शिरोळात खोल काळी. त्यामुळं "चांगली जमीन" म्हणजे काय हे पिकावर ठरतं. भाताच्या तरीत चिखलणीनं खाली घट्ट थर बसतो आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून ती भाताला उत्तम. त्याच रानात पुढं ऊस लावला की तो थर मुळांना आडवा येतो. भुईमुगाला तांबडं, हलकं रान हवं. भारी काळ्या रानात शेंगा पोसतात, पण उपटताना निम्म्या रानातच राहतात. शाळूला मात्र तेच भारी रान लागतं, कारण हस्ताच्या पावसाची ओल ते धरून ठेवतं. शेजारच्या गावातली खूण आपल्या गावात लावताना एवढं ध्यानात ठेवावं.

आता बघायचं कसं ते सांगतो.

सगळ्यात आधी खड्डा. दोन फूट रुंद, तीन फूट खोल, आणि एका रानात किमान तीन: एक उंच भागात, एक मध्ये, एक सखल कोपऱ्यात. बांधाजवळ, विहिरीच्या मुरमावर किंवा जुन्या उकिरड्याच्या जागी काढू नका. खड्ड्याची एक बाजू फावड्यानं नीट तासून घ्या आणि वरून खाली बघत जा. काळा थर किती खोल आहे, मुरूम कुठं लागतो, चुनखडीचे खडे कुठं सुरू होतात, आणि मुळं कुठपर्यंत गेलीत. मागच्या उसाची मुळं आठ-दहा इंचांवर आडवी वळलेली दिसली, तर तिथं नांगराचा किंवा ट्रॅक्टरच्या वजनाचा तळ बसलाय. माती खाली कितीही खोल असली तरी पिकाच्या दृष्टीनं ते रान दहा इंचांचंच. चाकूचं टोक वरून खाली टोचत नेलं तर तो थर हाताला कळतो. तळ दोन फुटांच्या आत असेल तर उन्हाळ्यात, रान पूर्ण वाळलेलं असताना, सबसॉयलर (खोलवरचा तळ फोडणारा ट्रॅक्टरचा फाळ) मारून तो फुटतो. ओलीवर मारला तर फाळ नुसता चिरत जातो आणि फट पुन्हा मिटते.

खड्ड्याच्या तळाला निळसर-राखाडी रंगाची, कुबट वासाची माती लागली, किंवा राखाडीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर त्या खोलीवर वर्षातले बरेच दिवस पाणी उभं असतं. खड्डा उन्हाळ्यात काढला आणि पाणी नसलं तरी हे ठिपके खोटं बोलत नाहीत. खंडाची बोलणी बहुधा उन्हाळ्यात होतात आणि तेव्हा सगळीच रानं कोरडी, गोरीगोमटी दिसतात.

मग तोच खड्डा पाण्यानं भरा. पहिल्या वेळचं पाणी मोजू नका, कारण काळ्या मातीच्या भेगा ते गटागटा पितात आणि फसवतात. ते जिरल्यावर संध्याकाळी पुन्हा भरा आणि सकाळी बघा. पाणी गेलेलं असेल तर निचरा ठीक. चार बोटं उरलं असेल तर सखल भागाला चर लागणार हे धरून चाला. बराचसा खड्डा तसाच भरलेला असेल तर खंडाचा भाव त्या हिशेबानं पाडा, नाहीतर सोडून द्या.

पोत बघायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती ओली करून कणकेसारखी मळा आणि तळहातावर वळा. करंगळीपेक्षा बारीक दोरी होऊन तिचं कडं न तडकता वळलं, तर चिकणमाती जास्त. दोरी होते पण कडं करताना तडकते, ती पोयट्याची. उसाला सगळ्यात सोयीची हीच. दोरीच होत नसेल तर वाळू जास्त, म्हणजे पाणी आणि खत दोन्ही थोडं थोडं, पण वारंवार द्यावं लागणार.

वाफशाची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, तरी तिच्यातला अर्धाच भाग पाळला जातो. वीतभर खोलची माती घ्यायची, वरची नाही. मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि छातीच्या उंचीवरून सोडला की फुटून पसरावा. पडल्यावर नुसता चेपला तर ओल जास्त, लाडूच झाला नाही तर ओल कमी. ओल जास्त असताना नांगर घातला की कापाची बाजू चकाकते, आणि ते काप वाळून विटेसारखी ढेकळं होतात. पुढं दोन पाळ्या जास्त मारल्या तरी ती बारीक होत नाहीत. पण रान जोखताना वाफशाचा खरा उपयोग निराळा आहे. एकाच दिवशी पाणी दिलेल्या रानात वाफसा कुठं किती दिवसांनी येतो, ते बघा. मुरमाड डागाला एक-दोन दिवसांत येतो, मध्यमला तीन-चार, खोल काळ्याला आठवडाही लागतो. एका रानात दोन टोकांमध्ये चार-पाच दिवसांचा फरक असेल तर त्या रानाला एकच पाणीपाळी चालणार नाही: एक टोक तहानलेलं राहील नाहीतर दुसरं बुडेल. मूळ मालक दाखवणार नाही, पण शेजारी विचारल्यावर हे हमखास सांगतो.

खारं आणि चोपण यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि पैसेही इथंच वाया जातात. दोन्हींना लोक सरसकट "क्षारपड" म्हणतात, उपाय मात्र वेगळे.

खारं रान पहाटे बघायचं, पाणी दिल्यावर तीन-चार दिवसांनी. सरीच्या वरंब्यावर आणि ढेकळांच्या टोकांवर पांढरं फुटलेलं असतं, हाताला भुसभुशीत लागतं, जिभेला खारट. खालचं पाणी वर चढतं, वाफ होऊन जातं आणि मीठ वरंब्यावर राहतं. म्हणून रोपं वरंब्यावर मरतात आणि सरीच्या बगलेला तगतात. या रानात साठलेलं पाणी नितळ दिसतं.

चोपण रानात पांढरं फारसं दिसत नाही. उलट काळपट, तेल सांडल्यासारखे डाग दिसतात, वरचा थर वाळून कवचासारखा होतो, आणि साठलेलं पाणी दिवसेंदिवस गढूळच राहतं. मातीच्या कणांवर सोडियम जास्त बसला की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटून पाण्यात तरंगतात. तेच कण खालची छिद्रं बुजवतात, म्हणून वर चिखल आणि वीतभर खाली कोरडी माती असा प्रकार होतो. पाणी नितळ की गढूळ, ही जुनी खूण शास्त्राच्या कसोटीवर पक्की उतरते.

घरी खात्री करायची असेल तर काचेचा स्वच्छ पेला घ्या, त्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी भरा आणि हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. ढेकूळ विरघळून तळाला बसलं पण वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर घाबरायचं कारण नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियमचा त्रास आहे. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार ढग उठू देत नाहीत आणि चोपण रान पास होतं. हा घोटाळा फार होतो.

आता कागदावरचे आकडे. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांवर बसलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. सामू ८.५ च्या खाली पण क्षारता जास्त म्हणजे खारं. क्षारतेची पुस्तकातली ४ ची मर्यादा ही संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्यानं तुडुंब भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची असते. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत १ भाग माती आणि २.५ भाग पाणी घेऊन मोजलेली क्षारता असते आणि तिथं आकडा बराच कमी येतो. त्या पद्धतीत १ च्या आत असेल तर ठीक, १ ते २ मध्ये उगवणीला त्रास, आणि त्याच्या वर पिकाचं नुकसान. "माझी क्षारता २ च आहे, मर्यादा ४ ची आहे" म्हणून निर्धास्त राहिलेले शेतकरी उगवण विरळ झाली की बेण्याला दोष देतात.

खाऱ्या रानाला जिप्समचा उपयोग नाही. त्याला चर आणि गोडं पाणी हवं, म्हणजे मीठ खाली धुऊन बाहेर काढता येतं. चोपणाला जिप्सम लागतो, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं. पण सुटलेला सोडियम पाण्यावाटे रानाबाहेर गेला नाही तर सगळा खर्च मातीत. म्हणून क्रम नेहमी असा: आधी चर, मग जिप्सम, मग भरपूर पाणी, मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक). जिप्समची मात्रा प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घेऊनच ठरवा, शेजाऱ्यानं किती टाकला त्यावरून नको. वरच्या सात-आठ इंचांत ते नीट मिसळलं पाहिजे, नुसतं विस्कटून भागत नाही. मातीत चुनखडी भरपूर असेल तर गंधक आणि शेणखत किंवा प्रेसमडनं (कारखान्यात रस गाळून उरलेल्या गाळानं) तोच चुना विरघळवून काम होतं. धैंचा फुलोऱ्याला येताना, साधारण ४५ ते ५० दिवसांनी गाडावा. त्यानंतर देठ ताठर होतो आणि कुजायला वेळ घेतो.

चर तीन-चार फूट खोल हवा, आणि तो ओढ्याला किंवा नाल्याला मिळाला पाहिजे. इथंच गाडी अडते, कारण वाट शेजाऱ्याच्या रानातून जाते. भूमिगत सच्छिद्र पाइपांचं कामही एकट्या दोन एकरांत परवडत नाही आणि टिकत नाही. शिरोळ तालुक्यात ते जिथं साधलं, तिथं अख्ख्या पट्ट्यानं मिळून केलं म्हणून. तीन वर्षांच्या खंडासाठी हा खर्च कुणी करत नाही. त्यामुळं खंडाच्या रानात चोपण डाग दिसला तर तेवढे गुंठे हिशेबातून वजा करा.

काळी म्हणजे कसदार, ही समजूत आता सांभाळून वापरावी. जिरायतीच्या काळात ती खरी होती; पाऊस गेला की जी माती ओल धरून ठेवते ती श्रेष्ठ. पुढं शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू केलं, नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, उपसा योजना आल्या, आणि पाणी बारमाही झालं. ज्या गुणासाठी काळ्या रानाला मान होता, तोच गुण पाटपाण्याखाली अंगावर आला. खोल काळ्या रानाला दर आठ-दहा दिवसांनी सरी भरून पाणी देत राहिलं की भूजल वर येतं आणि त्याबरोबर मीठही. आज उसाच्या हिशेबानं तपकिरी, मध्यम खोलीचं, खाली मुरमाचा निचरा असलेलं रान पुष्कळदा काळ्याहून सरस पडतं.

७/१२ वरचा आकार, म्हणजे सारा, हीसुद्धा एक जुनी परीक्षाच आहे. जुन्या जमीन मोजणीत मातीचा रंग आणि खोली बघून प्रत लावायचे आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं अशा दोषांसाठी आणे कमी करायचे. म्हणून एकाच गावात, एकाच प्रकारच्या दोन गटांचा एकरी आकार ताडून बघितला तर तेव्हाची पारख कळते. मात्र ती पारख पाटपाण्याच्या आधीची आहे, त्यामुळं चोपणाचा पत्ता तिथं लागणार नाही.

तणांच्या खुणा थोडक्यात. कुंदा माजलेला असेल तर रान खोल आणि काळं. तरवड आणि कुसळी म्हणजे हलकं, मुरमाड. पाणकणीस दिसलं तर तिथं पाणी हलत नाही. लव्हाळा ओल सांगतो, पण तो शेणखतातून आणि अवजारांतूनही येतो, त्याच्यावर फार भिस्त नको. पडीक कोपऱ्यात विलायती बाभूळ तेवढी माजलीय आणि बाकी काही नाही, तर ती माती चाखून बघा. तण बघायचं ते रानाच्या मध्यात. बांधावरची माती बाहेरून आणलेली असते.

उसाची पानं शिरांमध्ये पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या, म्हणजे केवडा पडला, तर बहुधा चुनखडीमुळं लोह मिळत नाही. युरियानं तो जात नाही. एकरी १० किलो फेरस सल्फेट दसपट शेणखतात आठवडाभर मुरवून सरीत द्यावं. नुसतं मातीत टाकलं तर चुना ते लगेच बांधून ठेवतो.

कोल्हापूर भागात आणखी एक साक्षीदार मिळतो, तो गुऱ्हाळात. खाऱ्या रानाच्या उसाचा गूळ रंगाला काळपट, चवीला खारट येतो, रवा नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पाणी सुटतं, कारण रसात क्षार जास्त आणि साखर कमी असते. निचऱ्याच्या, मध्यम किंवा तांबूस रानाचा गूळ पिवळाधमक आणि कणीदार होतो. अनुभवी गुळव्या कोणत्या शिवाराचा ऊस आला की किती वेळ काहील ठेवायची हे धरूनच चुलवाणावर बसतो. घ्यायच्या रानाचा ऊस कधी गुऱ्हाळाला गेला असेल तर त्याला नक्की विचारा. फक्त नत्र जास्त झालं तरी गूळ मऊ आणि काळा येतो, म्हणून खत कधी आणि किती दिलं होतं हेही सोबत विचारावं.

आता टनेज. उभा ऊस असेल तर अंदाज सोपा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. साडेचार फुटी सरीत एका गुंठ्यात २४२ फूट ओळ बसते. रानाच्या कडेच्या ओळी सोडून आत जा, कारण कडेला ऊन आणि वारा जास्त आणि ऊस नेहमीच जाड असतो. पाच ठिकाणी दहा-दहा फूट ओळीतले गाळपायोग्य ऊस मोजा आणि सरासरीला २४ नं गुणा. दहा फुटांत ४० ऊस भरले तर गुंठ्याला साधारण ९६०. मग जाड-बारीक न निवडता सलग दहा ऊस तोडा, वाढे आणि पाचट काढून तोला. उसामागं दीड किलो भरलं तर गुंठ्याला १,४४० किलो, एकरी ५७-५८ टन. उंदीर, लोळलेला आणि वाळलेला ऊस यासाठी काही हिस्सा वजा करा. गुंठ्याला दोन टन म्हणणाऱ्याला हे मोजमाप प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

ऊस उभा नसेल तर कारखान्याच्या मागच्या तीन-चार हंगामांच्या वजनपावत्या मागा, पण क्षेत्र स्वतः मोजून घ्या. नोंदीतलं क्षेत्र आणि रानातलं क्षेत्र नेहमी जुळत नाही. लावणीचं टनेज कुणीही खत-पाण्यानं ओढून दाखवतो. खरी कसोटी खोडव्याची, म्हणजे तोडणीनंतर जुन्या बुडख्यांतून फुटलेल्या उसाची. चांगल्या रानात खोडवा लावणीपेक्षा थोडा कमी पडतो. तो निम्म्यावर येत असेल तर खताची गोणी बदलून काही व्हायचं नाही. तळ बसलाय किंवा पाणी साचतंय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या रानाच्या बाबतीत त्या दोन हंगामांच्या पावत्या बाजूला ठेवा, पण पाणी किती दिवस उभं होतं हे विचारा. पुराची बारीक मळी रानाला मानवते हे जुनं म्हणणं बरोबर आहे. पण गाळाऐवजी वाळूचा थर पडला असेल तर तो खड्ड्यात पांढुरक्या पट्ट्यासारखा दिसेल.

रान पसंत पडलं तर मग नमुना द्या. खत टाकण्याच्या आधी, पीक निघाल्यावर, नागमोडी फिरत १०-१२ जागा घ्या. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून एका बाजूची दोन बोटं जाडीची चकती काढा; उसासाठी फूटभर खोल. सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा; खताची रिकामी पिशवी वापरू नका. जो डाग वेगळा दिसतो त्याचा नमुना वेगळाच. सुरुवातीला विचारलं होतं ते दोन रानांचे सारखे आकडे बहुधा इथूनच येतात: चांगल्या आणि चोपण डागाची माती एकत्र केली की सरासरी छान निघते आणि दोन्ही रानं कागदावर एकसारखी होतात.

खंड तीन वर्षांचा ठरला तर पहिल्या उन्हाळ्यात बकरी बसवून घ्या. धनगराशी बोलणी लवकर करावी लागते, उशीर झाला की कळप दुसऱ्या शिवारात गेलेला असतो. बसवल्यावर दोन-तीन दिवसांत हलकी पाळी मारून लेंड्या आणि मूत मातीत मिसळा, नाहीतर उन्हानं नत्र उडून जातं. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या खाली असेल तर याशिवाय एकरी दहा-बारा गाड्या शेणखत आणि पाचट न जाळता सरीत कुजवणं, एवढं तरी करावंच लागेल.